नागपूर रडारच्या चित्रात गारांचा ढग नक्की कशावरून ओळखायचा?

वरुडकर:

आमच्याकडे वरुड, मोर्शी, काटोल पट्ट्यातल्या संत्रा बागायतदारांच्या ग्रुपवर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हवामान खात्याच्या नागपूर रडारची चित्रं टाकली जातात. मार्चमध्ये आंबिया बहाराची फळं बोराएवढी असतात, मृगाचा माल अजून काही झाडांवर असतो, गहू-हरभऱ्याच्या सुड्या उघड्यावर असतात. अशा वेळी अर्ध्या तासाची आगाऊ खबरही कामाची. अडचण अशी की लाल रंग दिसला की कोणीतरी "गारा येणार" लिहून मोकळा होतो. कधी पडतात, पुष्कळदा नुसता धो-धो पाऊस येऊन जातो. दोन-तीनदा असं झालं की लोक चित्र बघणंच सोडतात.

माझे प्रश्न:

किती डीबीझेडच्या (ढगातून परत येणाऱ्या रडार लहरीच्या ताकदीचं माप) वर गारा धरायच्या? ५०, ५५ की ६०?
मॅक्स-झेड (सगळ्या उंचींतला कमाल आकडा), पीपीआय-झेड (एकाच कोनावरचा आकडा), पीपीआय-व्ही (वेग), एसआरआय (पावसाचा दर) अशी चार-पाच चित्रं असतात, त्यातलं आधी कोणतं उघडायचं?
ढगाच्या मागे फिक्या रंगाचं शेपूट दिसलं की गारा नक्की असतात असं ऐकलंय. ते खरं का?

आमच्याकडे कच्चा डेटा नाही. वेबसाइटवरची चित्रं आणि मोबाइल, एवढंच. त्यात बसणारी पद्धत सांगावी.


मेघमापक:

वरुडकर भाऊ, फक्त डीबीझेडचा आकडा घेऊन बसलात तर दर हंगामात फसाल. आकडा किती, यापेक्षा तो किती उंचीवर आहे हे बघायचं. ५८ डीबीझेड जमिनीपासून ३ किमीपर्यंतच असेल तर तो जोरदार पाऊस असू शकतो. ५० डीबीझेड ९ किमीवर टांगलेला असेल तर तिथे पाण्याचे थेंब नसतात, बर्फच असतो, आणि एवढा मोठा बर्फ म्हणजे गाराच.

कारण साधं आहे. परावर्तकता, म्हणजे लहर परत पाठवण्याची ताकद, कणाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर वाढते. १० मिमीची ओली गार १ मिमीच्या थेंबापेक्षा दहा लाख पट जास्त लहर परत पाठवते. म्हणून थोड्याशा गारांनीही आकडा उसळतो. पण मोठ्या टपोऱ्या थेंबांचा दाट पाऊसही ५० ते ५५ डीबीझेडपर्यंत सहज जातो, त्यामुळे खालच्या थरात दोघांत फरक करता येत नाही. वरच्या थरात येतो. शिवाय कोरडा बर्फ पाण्याच्या तुलनेत सुमारे ७ डीबीझेडने कमी दिसतो. म्हणजे गोठणपातळीच्या (जिथे तापमान शून्य अंश होतं ती उंची) बऱ्याच वर ५० दिसत असेल, तर खाली येऊन पृष्ठभाग ओला झाल्यावर तोच माल ५५-५७ दाखवेल.

आता कृती. सगळं वेबसाइटवरच्या चित्रांतून होतं.

आधी शून्य अंशाची उंची काढा. वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर नागपूरचं (केंद्र क्रमांक ४२८६७) फुग्याचं निरीक्षण (साउंडिंग) मिळतं. ००झेड म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, १२झेड म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. तक्त्यात उंचीचा रकाना मीटरमध्ये असतो, शेजारी तापमान. समजा ४००० मीटरला ३ अंश आणि ४८०० मीटरला उणे २ अंश आहे. मधला हिशेब धरला तर शून्य अंश ४४८० मीटरवर येतो. ही उंची समुद्रसपाटीपासूनची. नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे, तेव्हा रडारच्या दृष्टीने ती ४.२ किमी झाली. याच तक्त्यातून उणे २० अंशाची उंचीही लिहून ठेवा. मार्चमध्ये ती साधारण ७ ते ८ किमीच्या आसपास सापडेल. हे काम सकाळी चहा घेताना पाच मिनिटांत होतं आणि दिवसभर पुरतं. मात्र पश्चिमेकडून थंड हवेची द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) येत असेल तर संध्याकाळी आकडे पुन्हा बघा, काही तासांत शून्य अंश बराच खाली येतो.

मग मॅक्स-झेड उघडा. मधल्या चौकोनात वरून दिसणारं चित्र असतं, पण त्यातल्या प्रत्येक ठिपक्यावर त्या जागेच्या सगळ्या उंचींमधला सर्वांत मोठा आकडा असतो. म्हणजे मधल्या चौकोनातून उंची अजिबात कळत नाही, आणि बहुतेक लोक तेवढाच बघतात. उंची बघायची ती वरच्या आणि उजव्या पट्टीत. ढगाच्या गाभ्यावर बोट ठेवा, सरळ वर जा: वरच्या पट्टीत त्या जागी ४५ डीबीझेडचा रंग किती किमीपर्यंत चढलाय? पुन्हा गाभ्यापासून सरळ उजवीकडे जा आणि तेच बघा. दोन्ही पट्ट्यांत उंची सारखी आली तर ती त्याच ढगाची. वेगवेगळी आली तर त्याच उभ्या किंवा आडव्या ओळीत दुसरा ढग आहे आणि त्याची सावली पट्टीत पडली आहे. अशा वेळी दोन्हींतली कमी उंची खरी धरा. रंगपट्टी मात्र आधी वाचा, सगळ्या रडारांची सारखी नसते, एकाचा लाल दुसऱ्याचा केशरी असतो.

शेवटी वजाबाकी: ४५ डीबीझेडचा माथा वजा शून्य अंशाची उंची. ही वाल्डफोगेल आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गारपिटींवरून मांडलेली कसोटी. फरक १.४ किमीच्या खाली असेल तर गारांचा विचार सोडा. पुढे या फरकावरून टक्केवारी काढायचं जे सूत्र वापरात आलं, त्याप्रमाणे २ किमीला सुमारे २० टक्के, ३ किमीला ५५ टक्क्यांच्या आसपास, ५ किमीच्या जवळ ९० टक्के, आणि ६ किमीला जवळपास खात्री. वरच्या उदाहरणात शून्य अंश ४.२ वर आणि ४५ चा माथा ९ किमीवर असेल तर फरक ४.८. ग्रुपवर इशारा टाकायला हरकत नाही.

आपल्याकडे मी ३ किमी हा उंबरठा ठेवतो. गोठणपातळी ते जमीन हे अंतर विदर्भात मोठं असतं आणि खालची हवा तापलेली, त्यामुळे लहान गारा वाटेतच विरघळतात. उलट एक गोष्ट आपल्या विरोधात जाते. मार्चची खालची हवा कोरडी असते. गारेवरचं पाणी त्या हवेत उडून जातं, गार थंड राहते आणि वितळणं लांबतं. म्हणून दुपारी हवा कोरडी खट्ट होती आणि तरी ढग फुटला, अशा दिवशी २.५ किमी फरकालाही मी सावध होतो. जून-जुलैत गोठणपातळी ५ ते ५.५ किमीवर जाते, हवा दमट असते आणि मोठे आकडे बहुतेक त्याच्या खालीच राहतात. तेव्हाचा ५५ डीबीझेड बघून गारा लिहू नका.

एक मर्यादा. रडार सलग उंची बघत नाही, ठरावीक कोनांवर फिरतं. हवामान खात्याची नेहमीची क्रमवारी दहा कोनांची: ०.५, १, २, ३, ४.५, ६, ९, १२, १६, २१ अंश, आणि एक फेरी दहा मिनिटांची. वरुड नागपूरपासून सरळ रेषेत ९० किमीच्या थोडं पलीकडे आहे. तिथे या कोनांच्या किरणांचे मध्य साधारण १.३, २.१, ३.७, ५.३, ७.७, १०.१ आणि १४.९ किमीवर पडतात. म्हणजे "४५ चा माथा ९ किमी" असं पट्टीत दिसलं तरी प्रत्यक्षात ७.७ आणि १०.१ या दोन मोजणींच्या मधला तो अंदाज आहे. एक-सव्वा किमीची चूक धरूनच चला. काटोल ५० किमीच्या आसपास असल्यामुळे तिथे पायऱ्या जास्त बारीक मिळतात.


त्रिज्या:

मेघमापकांनी मॅक्स-झेडचं नीट सांगितलंय. मी शेपटाबद्दल लिहितो, कारण त्यावर अर्धवट माहिती फार फिरते.

त्याला तीन-वस्तू विकिरणाचा काटा म्हणता येईल. रडारची लहर गारांच्या गाभ्यावर आदळते, काही भाग खाली जमिनीवर जातो, जमिनीवरून परत गारांवर येतो आणि तिथून रडारकडे. या फेरफटक्यात लहर उशिरा पोचते. रडारला उशीर म्हणजे अंतर एवढंच कळतं, म्हणून ते गाभ्याच्या मागे, त्याच त्रिज्येवर, नसलेला प्रतिध्वनी काढतं. किती मागे? गाभा जमिनीपासून जितका उंच, साधारण तितकेच किमी. ७ किमी उंचीवरच्या गाभ्याचं शेपूट गाभ्यामागे ७ किमीवर सुरू होतं आणि पुढे १० ते ३० किमी पसरतं. ताकद बहुतेक २० डीबीझेडच्या आतच, म्हणून फिकट.

इथेच पहिली मेख आहे. पीपीआयचं जे चित्र वेबसाइटवर असतं ते सर्वांत खालच्या कोनाचं. वरुडवर तो किरण १.३ किमीवर आहे, म्हणजे शेपूट गाभ्यामागे जेमतेम १.३ किमीवर सुरू होणार, आणि तिथे ढगाचाच पाऊस असतो. शेपूट त्यात बुडून जातं. ते स्पष्ट दिसतं ३ ते ६ अंशांच्या कोनात. तुमच्याकडे तो कोन सुटा मिळत नसेल तर मॅक्स-झेडच्या मधल्या चौकोनात बघा. तिथे सगळ्या कोनांचा कमाल आकडा असल्यामुळे, मागे दुसरा पाऊस नसेल तर शेपूट उमटतं.

दुसरी मेख ऐरणीची. गर्जन्मेघाचा माथा वरच्या वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि तोही फिकट, लांबट दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये आपल्यावर वरचा वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे ऐरण पूर्वेला पसरते. शेपूट मात्र नेहमी रडारपासून दूर जातं. वरुड नागपूरच्या पश्चिमेला, थोडं उत्तरेकडे झुकून आहे. तिथल्या ढगाची ऐरण नागपूरकडे येईल आणि शेपूट सातपुड्याकडे जाईल. दोन्ही विरुद्ध दिशांना, गल्लत होण्याचं कारण नाही. तुमच्या भागाला हा मोठा फायदा आहे. भंडारा-गोंदियाच्या बाजूला ऐरणही पूर्वेला आणि शेपूटही पूर्वेला, तिथे मी नुसत्या शेपटावर काहीच ठरवणार नाही.

तपासायची रीत: मोबाइलवर चित्र मोठं करा, नागपूरच्या खुणेपासून गाभ्यापर्यंत पट्टी धरा आणि तीच रेषा पुढे वाढवा. फिकट पट्टा त्या रेषेवर तंतोतंत बसला पाहिजे. पुढच्या चित्रात ढग सरकला की पट्टाही रेषेबरोबर फिरला पाहिजे. पाच-सात अंशांनीही हटलेला असेल तर तो पाऊस किंवा ऐरण. रडारपासूनच निघून थेट कडेपर्यंत जाणारी बारीक सरळ काडी दिसली तर तो रेडिओ लहरींचा अडथळा. सी-बँड (सुमारे ५ सेमी तरंगलांबीच्या) रडारांना ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायचा त्रास होतो, त्यातून अशा काड्या येतात. तिचा गारांशी संबंध नाही.

"शेपूट दिसलं की गारा नक्की" हे नागपूरपुरतं बरचसं खरं धरा. ते एस-बँड रडार आहे, तरंगलांबी सुमारे १० सेमी. एस-बँडवर शेपूट यायला गाभा ६० डीबीझेडच्या बराच वर लागतो, म्हणजे ढगात मोठ्या गारा असतात. सी-बँडवर तरंगलांबी ५ सेमी, तिथे लहान गारांनीही शेपूट उमटतं, म्हणून तिथे त्याचं वजन कमी. उलटं वाक्य मात्र कुठेच खरं नाही: शेपूट नाही म्हणून गारा नाहीत, असं कधीही लिहू नका.


निफाड_द्राक्ष:

हाच प्रश्न आमच्या बाजूचा. निफाड, दिंडोरी, पिंपळगावला मुंबईचं रडार बघतो. तिथे ४५-४८ च्या वर आकडा क्वचित जातो, तरी गारा पडून द्राक्षाचे घड फुटतात. रडार कमी दाखवतंय का? छाटणी-काढणीच्या हंगामात आम्हाला काय बघता येईल?


मेघमापक:

रडार चुकत नाही, अंतर नडतंय. कुलाब्याच्या रडारपासून निफाड सुमारे १९० किमी. पृथ्वीची वक्रता धरून ०.५ अंशाच्या किरणाचा मध्य तिथे पावणेचार किमीवर असतो, १ अंशाचा ५.४ वर आणि २ अंशांचा ८.७ वर. त्यात खालच्या किरणाला वाटेत सह्याद्री. शिवाय १ अंश रुंदीचा किरण तिथे सव्वातीन किमी जाडीचा झालेला असतो. गारांचा गाभा दोन किमी रुंद असेल तर किरणात अर्धा गाभा आणि अर्धी हलकी सर येते, सरासरी निघते आणि ५७ चे ५४ होतात.

म्हणून निफाडसाठी उंबरठाच बदला. १५० किमीच्या पुढे ४५ ऐवजी ४० डीबीझेडचा माथा मोजा आणि तो उणे २० अंशाच्या उंचीला भिडतोय का एवढंच बघा. माथ्याच्या नेमक्या किमीवर भांडू नका, तिथे दोन मोजणींमध्ये तीन किमीहून जास्त अंतर आहे. आणि खालच्या थरात काय चाललंय ते मुंबईच्या रडारला तिथे दिसतच नाही हे गृहीत धरा. साउंडिंगसाठी मुंबई, केंद्र क्रमांक ४३००३. पण किनाऱ्यावरची खालची हवा तुमच्यापेक्षा दमट असते, तेव्हा त्यातले वरच्या हवेचे आकडे घ्या, खालचे सोडा.

आणखी एक. चित्रामागून चित्र बघताना आकडा वाढतोय का यापेक्षा माथा चढतोय का ते बघा. वीस मिनिटांत ४० डीबीझेडचा माथा ६ वरून १० वर गेला, तर ऊर्ध्वझोत, म्हणजे वर चढणारा हवेचा झोत, जोरात आहे. गार वाढायला हाच झोत लागतो, तोच तिला उणे १० ते उणे २५ अंशांच्या पट्ट्यात धरून ठेवतो. दूरच्या रडारवरही हा चढ कळतो.


ध्रुवण:

द्विध्रुवीय (आडवी आणि उभी अशा दोन्ही लहरी सोडणाऱ्या) रडारबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं. मुंबईत वेरावलीला २०२२ च्या जानेवारीत सुरू झालेलं रडार सी-बँड आणि द्विध्रुवीय आहे. ज्यांना अशा रडारची झेडडीआर (आडवी लहर उभीपेक्षा किती जास्त परत येते) आणि सहसंबंध गुणांकाची (दोन्ही लहरी किती जुळतात) चित्रं बघायला मिळतात त्यांच्यासाठी.

थेंब पडताना चपटे होतात, म्हणून आडवी लहर जास्त परत येते आणि झेडडीआर २ ते ४ डेसिबेल होतो. गारा गटांगळ्या खात पडतात, सगळ्या बाजूंनी सारख्या दिसतात, म्हणून झेडडीआर शून्याजवळ. पाठ्यपुस्तकी नियम असा: परावर्तकता ५५ च्या वर आणि झेडडीआर शून्याजवळ म्हणजे गारा. सोबत सहसंबंध गुणांक ०.९५ च्या खाली गेला तर गारा आणि पाऊस मिसळलेले.

एस-बँडवर हे चालतं. सी-बँडवर खालच्या थरात याच नियमाने माणूस तोंडघशी पडतो. गोठणपातळीच्या खाली आलेली लहान गार वितळते, तिच्या कमरेभोवती पाण्याचा पट्टा जमतो, ती पाणी-भरल्या मोठ्या चपट्या थेंबासारखी वागते. ५ सेमी तरंगलांबीवर ५-६ मिमीच्या आसपासच्या अशा कणांना अनुनाद होतो आणि झेडडीआर शून्यावर येण्याऐवजी ५ डेसिबेलच्याही वर जातो. म्हणजे सी-बँडवर खूप मोठा झेडडीआर, ५० च्या वर परावर्तकता आणि घसरलेला सहसंबंध गुणांक हे तिन्ही एकत्र आले तर ते वितळत्या गारांचं लक्षण आहे. शून्याजवळच्या झेडडीआरचा नियम गोठणपातळीच्या वरच वापरा.

दुसरा धोका क्षीणनाचा. सी-बँडची लहर दाट गाभ्यातून जाताना झिजते, आडवी लहर उभीपेक्षा जास्त. मग गाभ्यामागचा सगळा पट्टा कमी परावर्तकतेचा आणि ऋण झेडडीआरचा दिसतो. त्यामागे दुसरा ढग असेल तर तो आहे त्यापेक्षा कमजोर भासतो. रडार आणि तुमच्या गावाच्या मध्ये एक जोरदार ढग उभा असेल तर सी-बँडच्या आकड्यावर विसंबून गाव सुरक्षित म्हणू नका. त्याहून लहान तरंगलांबीच्या एक्स-बँडवर तर मागचं चित्र पूर्ण पुसलं जाऊ शकतं. नागपूरच्या एस-बँडला हा त्रास नगण्य. ढग थेट रडारवर आला आणि अँटेनावरचा घुमट भिजला तर मात्र चारही बाजूंचे आकडे एकदम पडतात, ते ढग विरल्याचं लक्षण समजू नये.

पुढचं पाऊल म्हणून झेडडीआरचा स्तंभ शिकून घ्या. गोठणपातळीच्या वर एक-दोन किमी चढलेला, १ डेसिबेलहून जास्त झेडडीआरचा उभा खांब म्हणजे झोताने वर ओढलेले पाण्याचे थेंब. तो खांब चढला की काही मिनिटांनी वर गारांचा गाभा भरतो. गारांची इतकी लवकर खूण दुसरी नाही.


वरुडकर:

खूप उपयोगी. मेघमापक सर, दोन गोष्टी राहिल्या. एसआरआयच्या चित्रात कधी कधी ताशी २०० मिमी पाऊस दिसतो, त्याचा अर्थ काय घ्यायचा? आणि गारांचा आकार सांगता येतो का? बोराएवढ्या आणि लिंबाएवढ्या गारांत आमच्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने फळ डागाळतं, दुसऱ्याने फांद्या सोलल्या जातात.


मेघमापक:

एसआरआय हा परावर्तकतेवरून सूत्राने काढलेला पाऊस आहे. मार्शल-पामरच्या नेहमीच्या सूत्रात घातलं तर ५० डीबीझेडला ताशी सुमारे ४९ मिमी येतात, ५५ ला १०० आणि ६० ला २०५. सूत्राला वाटतं समोर सगळे थेंबच आहेत. त्यामुळे छोट्याशा ठिपक्यात ताशी १५०-२०० मिमी दिसले तर ते पाऊस म्हणून वाचू नका. तिथे गारा मिसळल्याची शंका घ्या आणि मॅक्स-झेडच्या पट्ट्यांत उंची तपासा. याच कारणाने गारपिटीच्या दिवशी साठवलेल्या पावसाचं चित्र, पीएसी, तुमच्या पर्जन्यमापकाशी जुळणार नाही.

आकारासाठी विट आणि सहकाऱ्यांची १९९८ मधली पद्धत आहे, एमईएसएच या नावाने ओळखली जाते. तिला प्रत्येक कोनाचा आकडा लागतो, म्हणून व्हॉल्यूम डेटा असेल तरच करता येते. हिशेब कसा चालतो ते वरुडच्या उंचींवर दाखवतो, म्हणजे कशाला किती वजन आहे ते कळेल.

प्रत्येक थराची गार-ऊर्जा = ०.०००००५ × १० चा (०.०८४ × डीबीझेड) वा घात. ४० डीबीझेडपर्यंत शून्य धरायची, ५० च्या वर पूर्ण, मधे प्रमाणात. मग उंचीचं वजन: शून्य अंशाला ०, उणे २० अंशाला १ आणि त्यावर १ च. समजा शून्य अंश ४.२ किमी, उणे २० अंश ७.२ किमी. ढगात ५.३ किमीवर ६० डीबीझेड, ७.७ वर ५८, १०.१ वर ५०. ऊर्जा अनुक्रमे ०.५५, ०.३७ आणि ०.०८. वजनं ०.३७, १, १. थरांची जाडी मीटरमध्ये २०००, २४००, ३६००. गुणून बेरीज साधारण १५८०, तिचा दहावा भाग १५८. त्याचं वर्गमूळ १२.६, गुणिले २.५४, म्हणजे ३२ मिमी. बेरजेत निम्म्याहून जास्त वाटा मधल्या ७.७ किमीच्या थराचा आहे. ५.३ किमीवरचा ६० चा आकडा मोठा असूनही शून्य अंशाच्या जवळ असल्यामुळे मागे पडला. उंचीचं महत्त्व याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

पण ३२ मिमी आलं म्हणून "लिंबाएवढ्या गारा" लिहू नका. हे सूत्र अमेरिकेतल्या नोंदींवर असं बसवलंय की चारांपैकी तीन नोंदी काढलेल्या आकारापेक्षा लहान निघाव्यात. शिवाय सगळ्यात वरच्या थराला आपण ३.६ किमी जाडी दिली, ती बहुधा जास्त आहे. आणि आपल्या गोठणपातळीखालचं वितळणं सूत्रात वेगळं मोजलेलं नाही. मी ते फक्त ढगांची आपापसात तुलना करायला वापरतो: या संध्याकाळच्या चार ढगांत सर्वांत घातक कोणता.

चित्रांवरून तुम्हाला करता येईल असं एवढंच: ५० डीबीझेडचा माथा उणे २० अंशाच्या उंचीच्या वर गेला असेल आणि सलग दोन चित्रांत तिथेच टिकला असेल, तर मोठ्या गारांची भीती धरा. एकाच चित्रात चढून पुढच्यात कोसळला तर बहुधा बारीक गारा किंवा नुसता पाऊस. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा, मध्य महाराष्ट्रात गारपिटीने जी दैना केली, तसा काळ आला की गोठणपातळी रोज दोनदा बघा, जुना आकडा वापरू नका.


त्रिज्या:

वेळेबद्दल कोणी बोललं नाही आणि ग्रुपसाठी तेच महत्त्वाचं, म्हणून जोडतो.

दीड-दोन सेमीची गार सेकंदाला साधारण १५ ते २० मीटर वेगाने पडते. ७ किमीवरून जमिनीवर यायला सहा-आठ मिनिटं. रडारची फेरी दहा मिनिटांची, त्यावर चित्र साइटवर चढायला लागतो तो वेळ. म्हणजे वरुडवर गाभा टांगलेला दिसला आणि तुम्ही वरुडलाच इशारा टाकला, तर तो पोचेपर्यंत गारा पडत असतील. इशारा पुढच्या गावासाठी टाका. मागच्या तीन चित्रांत गाभा कुठून कुठे सरकला ते मोजा. वीस मिनिटांत १२ किमी म्हणजे ताशी ३६ किमी. त्याच रेषेवर पुढे १५ ते ३० किमीपर्यंतची गावं कळवा, दोन्ही बाजूंना पाच-पाच किमी जास्त धरा, कारण जोरदार ढग पुष्कळदा वाऱ्याच्या उजवीकडे वळतो आणि कधी त्याचे दोन तुकडे होऊन वेगळ्या वाटेने जातात.

चित्रावरची वेळ यूटीसी आहे की भारतीय, ते दर वेळी वाचा. यूटीसी असेल तर साडेपाच तास मिळवा. साडेअकराचं चित्र म्हणजे संध्याकाळचे पाच, हे विसरून जुनं चित्र पुढे पाठवल्याने होणारा घोळ रडारच्या कुठल्याही त्रुटीपेक्षा मोठा असतो. इशाऱ्यात तीनच गोष्टी लिहा: चित्राची भारतीय वेळ, ४५ डीबीझेडचा माथा शून्य अंशाच्या किती वर, आणि कोणत्या गावांच्या दिशेने. "लाल ढग" हा शब्द ग्रुपवर बंदच करा.

पीपीआय-व्ही एकदा तरी उघडून बघा. सातपुड्याच्या बाजूला डोंगरांचे ठिपके कायम तिथेच दिसतात, रात्री खालची हवा थंड आणि वरची उबदार झाली की जास्तच. वेग शून्य आणि तीन चित्रांत जागा तीच, म्हणजे तो डोंगर. त्याच्यावर कोणी सुड्या झाकायला धावू नये.


वरुडकर:

समजलं. आजच्या पहाटेच्या साउंडिंगमधून शून्य आणि उणे २० अंशाच्या उंची काढून ग्रुपच्या वर पिन करतो. मोर्शी नागपूरपासून ११५ किमीच्या आसपास येतं, तिथे कोनांच्या उंची वेगळ्या पडतील. त्या कशा काढायच्या, तेवढं सूत्र द्याल का?


मेघमापक:

उंची किमीमध्ये = अंतर × कोनाची साइन + (अंतराचा वर्ग ÷ १७०००). शेवटचा भाग वक्रतेचा आणि हवेत किरण वाकतो त्याचा. मोर्शीसाठी ११५ चा वर्ग १३२२५, भागिले १७००० म्हणजे ०.८. २ अंशाची साइन ०.०३५, म्हणून ४.० अधिक ०.८, एकूण ४.८ किमी. ३ अंशाला ६.८, ४.५ अंशाला ९.८, ६ अंशाला १२.८. ही उंची रडारपासूनची आहे, साउंडिंगशी ताडताना ३१० मीटरचा फरक काढायला विसरू नका. मोर्शीवर ६.८ आणि ९.८ यांच्या मधे मोजणीच नाही, तेव्हा तिथे उणे २० अंशाची कसोटी लावताना ९.८ किमीच्या थरात ४५ च्या वर काही दिसतंय का तेच बघा. दिसलं तर वाट बघत बसू नका, लगेच कळवा.